गुरुवारचा पाट

मी एक जुना पाट आहे, मित्रांनो, पण गेली चार वर्षं मी भिंतीवर पालथा टांगलेला होतो. हैदराबादच्या गौलीगुड्यात दगडी कमानींची एक जुनी दुमजली इमारत आहे. तिथे आता बार आणि रेस्टॉरंट चालतं. माझी पितळी फुलं भिंतीकडे, आणि पाठीला काळा रंग फासून त्यावर खडूने 'आजचे स्पेशल' लिहिलेलं. ज्याच्यावर बसून लोक सोवळ्यात जेवले, त्याच्या पाठीवर चिकन सिक्स्टी-फाइव्ह! शिव शिव! पण तक्रार कुठल्या तोंडाने करू? ही इमारत पाडायला निघाले होते. या बारवाल्यांनी ती भाड्याने घेतली, कमानी धुऊनपुसून काढल्या आणि अडगळीतून मलाही उचललं. नाहीतर मी केव्हाच चुलीत गेलो असतो.

माझा जन्म इथलाच, मागच्या अंगणातला. सुताराने सागवानी फळीवर रंधा मारला आणि चार कोपऱ्यांत चार पितळी फुलं ठोकली. घराच्या मालकीण सावित्रीबाई. त्यांच्याकडे एक मुलगा वार लावून जेवायचा. वार लावणं म्हणजे काय, ठाऊक आहे? परगावचा गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या. नांदेडकडून शिकायला आलेल्या एकनाथचा गुरुवार आमच्याकडे. भात वाढेपर्यंत भुकेलं पोर नखाने माझं एक फूल उचकटत बसायचं. एका गुरुवारी ते हातातच आलं. घाबरून त्याने ते खिशात घातलं आणि पुन्हा काही आमची पायरी चढला नाही. सावित्रीबाईंनी पुढचे तीन गुरुवार माझ्यापुढे ताट वाढून वाट पाहिली.

गेल्या रविवारी दुपारी तोच एकनाथ आला! आता एकनाथराव, वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, सोबत नात मृण्मयी. बाटल्यांची रांग बघून ते दारातच थबकले.

"अगं, सावित्रीबाईंचं घर हे. इथे दारू?"

"आजोबा, आपण लेमन सोडा पिऊ. तुम्हाला ते फूल परत करायचंय ना? मग चला की."

बसले ते नेमके माझ्याच खाली. खिशातून फूल काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "आता देऊ कुणाला? त्या गेल्या. पाटही कधीच जळला असेल. साठ वर्षं नुसती लाज बाळगली मी." आणि मी त्यांच्या डोक्यावर दोनच हातांच्या अंतरावर, पालथा! अहो, मी इथे आहे! पण पाटाला कुठली वाचा?

"काय मागवू?" मृण्मयीने विचारलं. एकनाथराव मान वर करून, डोळे बारीक करून माझ्यावरची अक्षरं वाचायला धडपडू लागले. रेस्टॉरंट चालवणाऱ्या त्रिवेणीने ते पाहिलं.

"ठैरो आजोबा, दिसत नाही क्या? पाटीच काढून देते."

तिने मला त्यांच्या हातात दिलं. एकनाथरावांनी वाचायला धरलं, आणि त्यांची बोटं माझ्या पलीकडच्या बाजूला थांबली. एक फूल. दुसरं. तिसरं. चौथ्या कोपऱ्यात खळगा! त्यांनी मला सुलटं केलं, छातीशी धरलं आणि लहान पोरासारखे रडले. मृण्मयीने फूल खळग्यात दाबलं. अगदी चपखल बसलं.

सगळी हकिकत ऐकून त्रिवेणीने डोळे पुसले. "पाटी दुसरी आणू. लेकिन असा वार आजही कुणाला लागत असेल?"

"इथे जवळच जामबागच्या कॉलेजात परगावची मुलं शिकायला येतात की," मृण्मयी म्हणाली.

"हौ? मग गुरुवार आमचा. वरच्या मजल्यावर, साधं वरण-भात."

मित्रांनो, जिथे पोट भरलं ते दार विसरू नका. आणि चूक झाली म्हणून तोंड लपवू नका. तिकडे कुणीतरी ताट वाढून वाट बघत असतं.

काल पहिला गुरुवार होता. एक मुलगी संकोचून माझ्यावर बसली. भात येईपर्यंत तिचं नख हळूच माझ्या फुलाशी खेळू लागलं. खेळ गं बाई. निघालं तर निघालं. पण पुढच्या गुरुवारी ये.