बाहीतला छोटा कोट

मी एक जुना चिनी शब्द आहे. नाव चीझ. हसू नका मित्रांनो, पिझ्झ्यावरचं ते मी नव्हे!

जन्मलो तेव्हा आम्ही दोघं होतो. ‘ची’ म्हणजे बायको, ‘झ’ म्हणजे लेकरू. लढाईला निघालेला गडी वेशीवर रडायचा, “माझी ची, माझा झ!” दोघांना वेगवेगळं, तोंडभर म्हणायचा. पुढं लोकांना घाई झाली. शेकडो वर्षं जिभांवर घासून आम्ही एकमेकांना चिकटलो. झचा आधी आवाज बारीक झाला, मग अर्थच गळाला. आता चीझ म्हणजे नुसती बायको. लेकरू कुठं गेलं? कुणी विचारलंय?

शुए दाचेंगच्या घरात एकीनं विचारलं होतं. तेव्हा मी अर्धवट चिकटलेला, दाचेंगच्या जिभेवर राहायचो.

तो लढाईवर असताना त्याचं पोर तापानं गेलं. नाव गोऊशंग, म्हणजे कुत्र्याचं उष्टं. मरणानं तोंड लावू नये म्हणून असलं नाव. मरणाला कसली किळस!

दहाव्या महिन्यात गावात मेलेल्यांसाठी कागदी कोट जाळायचे. थंडी तिकडंही पडते. दाचेंगची बायको यिंग्लान मेलेल्या सासऱ्यासाठी कोट कापत होती.

“एक छोटाही करू?”

“डोकं फिरलं का?” दाचेंग ओरडला. “लहान पोराला कुणी कोट जाळतं? ओढीनं परत येईल, पुढच्या पोराला घेऊन जाईल!”

सासू फणकारली, “पोर कसलं? घात करायला आलेलं भूत होतं ते!”

“थंडी वाजत असेल हो त्याला.”

“मेलेल्याला?”

“मग मामंजींना कोट कशाला, आई?”



संध्याकाळी चौरस्त्यावर राखेच्या रिंगणात कोट पेटला. एक बाही चांगलीच टम्म.

“काय कोंबलंस गं?”

“कापूस आहे, आई.”

सासूनं काठीनं बाही उचकली. आतून वीतभर कोट घसरला. दाचेंगनं तो ओढला आणि पायाखाली विझवला. छोट्या कोटाची एकच बाही जळाली होती.

यिंग्लान राखेकडं बघत म्हणाली, “एक हात तरी उबेत गेला.”

त्या दिवसापासून दाचेंग मला उच्चारताना झ घशातच ठेवायचा.

मित्रांनो, मला घाईत उरकू नका. झ अजून माझ्या बाहीत आहे. मला म्हणाल तेव्हा शेवटी जरा थांबा. त्याचा दुसरा हात अजून गारठलेला आहे.