लॅटिनमधला र

बी.ए.ला मी फ्रेंच घेतलं आणि त्याच्या जोडीला लॅटिन. कुणी जबरदस्ती केली नव्हती, माझीच हौस. हैदराबादहून फोन करून आबांना सांगितलं तेव्हा ते मेंढरं घेऊन सिद्धेश्वरच्या धरणाकाठी होते. वारं सुटलेलं, मेंढरं ओरडत होती. फ्रेंच हा दाढीचा प्रकार आहे एवढं त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते त्यांनी सोडून दिलं. दुसरा विषय मात्र मोठ्यानं म्हणून बघितला.

"लॅट्रिन?"

"लॅटिन, आबा."

"व्हय, लॅट्रिन. बराबर हाय. सरकार गावोगाव तेच बांधून राहिलं. नोकरी पक्की."

तिथल्या तिथं काय करायला पाहिजे होतं ते मला कळतं, कुणी शिकवायची गरज नाही. पण त्याच आठवड्यात कनेरगाव नाक्यावरचं एक स्थळ आलं होतं. मुलाचा ढाबा होता. त्याला बायको शिकलेली नको होती, भाकरी मात्र पातळ पाहिजे होती. पोरगी सरकारी कामाचं शिकून राहिली, असं सांगून आबांनी त्या लोकांना वाटेला लावलं. एका 'र'वर माझं शिक्षण उभं होतं. तो मी काढला नाही. दोन वर्षं काढला नाही.

लॅटिन मला सोपं गेलं, हे सांगितलं की लोकांना राग येतो. वर्गातल्या दिल्लीच्या मुली नपुंसकलिंग म्हटलं की डोकं धरून बसायच्या. आमच्याकडं पोरगा, पोरगी आणि पोरगं एकाच अंगणात खेळतात, त्यात डोकं धरण्यासारखं काय आहे? फ्रेंचमध्ये उलट 'ते' नाहीच. तिथं टेबलसुद्धा बाई असते. मला चांगले मार्क पडत होते आणि मी मजेत होते, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन एप्रिलअखेर घरी आले. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच सरपंच बेबीबाई दारात.

"अंजली, बाई, आता तूच वाचव. शाळंमागं आठ म्हयन्याखाली सहा संडास बांधले. खड्डा भरला बी. वासानं मास्तर खिडक्या उघडीनात. एक मेच्या ग्रामसभंत तू खड्डा बघ अन् सांग चूक कोनाची ते. समदे म्हनून राहिले थावरा मिस्तऱ्याची. तू व्हय म्हनलीस की त्याला फुकट दुसरा खड्डा खांदायला लावते."

"येईल की," आबा म्हणाले. "तिचा इषयच हाय."

पुढचे दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मोबाइलवर शोषखड्ड्याची आकृती काढून बघत बसले. ती सुलटी कुठल्या बाजूनं धरायची हेच कळेना.

एक मेला झेंडा झाला, सभा भरली आणि सगळं गाव मला घेऊन शाळेमागं गेलं. आबांनी नवा पटका बांधला होता. मी नाकाला ओढणी लावून वाकून बघितलं. खड्डा भरलेला होता. याच्यापलीकडं मला काहीही समजलं नाही.

"बोल बाई," बेबीबाई म्हणाल्या. "चूक कोनाची?"

थावरा समोरच उभा होता. हात सिमेंटनं फुटलेले. मी न्यायाधीश असल्यासारखा तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मी व्हय म्हटलं की तिसरं वर्ष माझं आणि खड्डा त्याचा. मला माझीच शिसारी आली.

"मला यातलं काही कळत नाही, काकू," मी म्हणाले. "मी लॅटिन शिकते. लॅट्रिन नाही. लॅटिन ही भाषा आहे."

बेबीबाईंनी विचारलं, "कुठं बोलतेत?"

"कुठंच नाही. मेली ती."

"कवा?"

"हजार-दीड हजार वर्षं झाली."

"अगं बया! अन् दुसरी ती?"

"फ्रेंच. ती जिवंत आहे."

"मंग जिती शिक की निसती!"

लोक हसायला लागले. मला वाटलं काहीतरी बोलून अब्रू सावरावी. म्हणून सांगितलं, की लॅट्रिन हा शब्द लॅटिनमधूनच आलाय आणि मुळात त्याचा अर्थ धुण्याची जागा. यावर लोक आणखी हसले. तालुक्याहून इंजिनिअर बोलवायचं ठरलं. थावरा सुटला. आबा घराकडं निघाले आणि मी त्यांच्या मागं.

घरी येऊन मी सगळं ओकून टाकलं. स्थळाची भीती, फोनवरचा गोंधळ, दोन वर्षांची लबाडी. फ्रेंचवर नोकरी लागू शकते, हेही सांगितलं, पण ते मलाच फुसकं वाटलं. शेवटी विचारलं, "आता पाठवणार नाही ना मला?"

आबा भडकले. असे भडकलेले मी कधी बघितले नव्हते.

"भाषा हाय हे आदुगर सांगायला तुहं तोंड काय शिवलं होतं? दोन वर्षं लोकं मला हागणदारी मास्तरनीचा बाप म्हनून राहिले. बकऱ्याच्या बाजारात नाक दाबून रामराम करतेत. सोयऱ्याच्या लग्नात पंगतीला बसलो, तर शेजारच्यानं आपली पत्रावळ उचलली अन् लांब जाऊन बसला. म्या म्हनलो, बस बाबा. माही पोरगी संडास शिकती, बराबर हाय, मी मान खाली घालनार न्हाई. तवा बी तुला पाठवलं का न्हाई?"

"पाठवलं."

"मंग आता काहून न्हाई पाठवनार? आता तर निसती भाषा निघाली. भाषंचा काय वास येतो का कोनाला?"

मला रडू फुटलं. पत्रावळीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आईनंही नाही. हुंदके थांबेनात तसे आबा उठले आणि कोनाड्यातला पाण्याचा तांब्या माझ्यापुढं आणून ठेवला.

"हितं नको रडू," ते म्हणाले. "त्या मेलेलीसाठी काय रडायचं ते जूनमधी तिकडं जाऊन रड."