दोनदा दाबायचा ब्रेक

कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीत धोंडिबाची पिकअप ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. गाडी दोन हजार सातची, रंग एकेकाळी पांढरा. अठरा वर्षं तिनं कल्याणच्या बाजारातून धान्याची पोती ओढली, माजिवड्याच्या दुकानांना किराणा पोचवला, आणि मधल्या वेळात अर्ध्या चाळीची लग्नं आणि घरबदल उरकले. धोंडिबाचा तिच्यावर फार जीव. आणि एकदा जीव जडला की माणसाला खोडी दिसेनाशा होतात.

खोडी काही कमी नव्हत्या. ब्रेक पहिल्यांदा दाबला की पाय नुसता पोकळीत जायचा; लगेच दुसऱ्यांदा दाबला की गाडी शहाण्यासारखी थांबायची. स्टिअरिंग डावीकडे ओढायचं, म्हणून धोंडिबा ते कायम चार बोटं उजवीकडे धरून बसायचा. दार आतून उघडायचं तर खांद्याचा धक्का आणि गुडघ्याचा टेकू एकाच वेळी लागायचा. थंडीच्या दिवसांत सकाळी पाच-सहा वेळा चावी फिरवल्याशिवाय इंजिन डोळे उघडायचं नाही. "ही गाडी दुसऱ्याच्या हातात चालत नाही," असं धोंडिबा येईल त्याला सांगायचा आणि सांगताना छाती फुगवायचा. आता ही खरं तर तक्रार व्हायला हवी होती. पण धोंडिबाला हे कोण समजावणार?

त्याची मुलगी मेघना जनावरांची डॉक्टर झाली होती. सरकारी परीक्षा पास झाली आणि पहिली नेमणूक मिळाली ती माळशेज घाटाच्या वर, ओतूरच्या अलीकडच्या एका गावातल्या दवाखान्यात. सोमवारी हजर व्हायचं होतं. ऑर्डर हातात पडली त्या संध्याकाळी धोंडिबानं जाहीर करून टाकलं, की पोरीचं सामान आपल्याच गाडीतून जाणार आणि गाडी आपणच चालवणार.

थोरला रत्नदीप माजिवड्याला एका ऑफिसात नोकरीला. माणूस शिस्तीचा. तो म्हणाला, "पप्पा, जानेवारी आहे. सकाळी घाटात काय धुकं असतं माहितीये ना? मी टेम्पो बुक करतो, ड्रायव्हरसकट."

"लोकांच्या पोरींचं सामान अठरा वर्षं पोचवलं मी," धोंडिबा म्हणाला. "आता माझी जाणार तर दुसऱ्याची गाडी?"

हे बोलताना त्याचा आवाज जरा चिरकला. ते ऐकून जाईबाईनं स्वयंपाकघरातूनच मुलाला डोळ्यांनी दटावलं. नवऱ्याचं सगळं आयुष्य त्या स्टिअरिंगमागे गेलं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? रत्नदीप नरमला, पण अट घालूनच. कुंडलिकनं गाडी बघून होकार दिला पाहिजे, आणि निघेपर्यंत जरा जरी कुरकुर झाली तर टेम्पो येणार.

कुंडलिक म्हणजे वालधुनीचा मेकॅनिक. बोनेट उघडण्याआधी पाच मिनिटं नुसता कान देऊन उभा राहणारा. धोंडिबानं त्याला थंडीपुरतीच कामं सांगितली. इंजिन गरम करणारे हीटर प्लग बदलायचे, बॅटरी बघायची, वायपरला नवीन रबर, पुढे धुक्याचे पिवळे दिवे, रेडिएटरचं पाणी.

"चार दिवस ठेवून जा, दादा," कुंडलिक म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी न्या."

चार दिवस कशाला, हे धोंडिबानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्याचं असं झालं होतं, की गेल्या वर्षी मुरबाडकडच्या गावाला कुंडलिकच्या आईची म्हैस विताना अडली. मेघना तेव्हा शिकतच होती. बातमी कळताच ती तशीच गेली, आणि रेडकू आणि म्हैस दोन्ही वाचवूनच परत आली. कुंडलिकला ते फेडायचं होतं, आणि मेकॅनिक माणूस फेडणार कशानं? चार दिवस तो आणि त्याचे पाने त्या गाडीखाली होते.

शनिवारी त्यानं धोंडिबापुढे यादी वाचली. ब्रेकचा सिलेंडर नवीन, चारही चाकांचे लायनर नवीन. स्टिअरिंगचे झिजलेले जोड बदलले, चाकं सरळ रेषेत आणली. दाराची कडीसुद्धा बसवली. "मेघनाताईंसाठी केलंय. पैशाचं नाव काढायचं नाही."

धोंडिबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं कुंडलिकचा हात दोन्ही हातांत धरला, गाडीत बसला, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबला आणि चावी फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन चालू. पोरगी जन्मली तेव्हासुद्धा माणूस इतका खूश झाला नसेल, असं त्याचं तोंड झालं.

पहिल्या कोपऱ्यावर रिक्षा आडवी आली आणि धोंडिबानं सवयीप्रमाणे ब्रेक दोनदा दाबला. पहिल्या दाबाला गाडी जागच्या जागी उभी राहिली, दुसऱ्या दाबाला धोंडिबा छातीनं हॉर्नवर आपटला. पुढच्या गल्लीत त्याची चार बोटं आपोआप उजवीकडे वळली आणि गाडी सरळ पेरूच्या हातगाडीकडे निघाली. चाळीपाशी पोचल्यावर त्यानं खांद्याचा धक्का आणि गुडघ्याचा टेकू दिला, तेलपाणी केलेलं दार फाडकन उघडलं आणि धोंडिबा नळावरच्या बायकांसमोर हातापायांवर उतरला.

"लागलं का हो?" कुणीतरी विचारलं.

"नाही, चाकं बघत होतो," धोंडिबा तसाच जमिनीवरून म्हणाला.

तो आल्या पावली चालत वालधुनीला गेला. "कुंडलिक, ते जुनं होतं ते परत लाव."

कुंडलिक त्याच्याकडे बघतच राहिला. "दादा, ब्रेक लागत नव्हता तो परत लावू?"

"मला लागत होता."

"ते सगळं भंगारात गेलं," कुंडलिक म्हणाला. "चालवा हो. होईल सवय."

अठरा वर्षांची सवय एका रात्रीत सुटत असती तर आणखी काय हवं होतं. पण घरी बोलायची सोय नव्हती. रत्नदीपच्या कानावर शब्द गेला असता, तर सकाळी दारात टेम्पो उभा राहिला असता. मग धोंडिबा काय करणार होता, मागून बसनं जाणार? तो गप्प बसला. जेवताना जाईबाईनं विचारलं, "गाडी बरी झाली का?" तर म्हणाला, "फारच बरी झाली." हे खोटं नव्हतं, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

रविवारी सकाळी सहाला बापलेक निघाले. मागे लोखंडी कपाट, खाट, गॅस, पुस्तकांची तीन खोकी, आणि जाईबाईनं दिलेले चटणी-लोणच्यांचे इतके डबे की मेघना जणू हिमालयात निघाली होती. शहाड मागे पडलं, रस्ता जरा मोकळा झाला. धोंडिबा ताठ बसला होता आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता. एकदाच, एकदाच.

"काय म्हणताय, पप्पा?"

"काही नाही. गाणं."

मेघनानं वडिलांकडे नीट बघितलं. या गाडीत ती लहानाची मोठी झाली होती आणि पप्पा गाताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.  मुरबाड आलं आणि गेलं, दोन-तीन गचके बसले, एकदा मांडीवर धरलेला चटणीचा डबा तिच्या पायावर पडला. टोकावड्याला चहा घेताना तिनं सहज विचारलं, "घाट मी घेऊ का? कॉलेजच्या जीपवर शिकलेय, लायसन आहे."

"ही गाडी तुला नाही यायची," धोंडिबा म्हणाला. तोंडातून निघून गेलं ते. 

घाट लागला आणि तिसऱ्या वळणानंतर धुकं आलं. अंगावर सांडल्यासारखं एकदम. डावीकडचा डोंगर गेला, उजवीकडची दरी गेली, पुढचा रस्ता गाडीच्या नाकापर्यंतच उरला. धोंडिबानं पिवळे दिवे लावले, काच खाली केली, गाडी दुसऱ्या गिअरवर आणली. इथवर सगळं बरोबर होतं. धुक्यातली गाडी त्याला चांगली येत होती. अडचण एवढीच, की डोळ्यांना काही दिसेनासं झालं की हातपाय आपल्या मनानं वागायला लागतात. चार बोटं हळूच उजवीकडे सरकली. गाडी नेमानं त्यांच्या मागे गेली.

समोरून हॉर्न आला आणि पाठोपाठ एसटीचे दोन दिवे, अगदी तोंडावर. धोंडिबानं स्टिअरिंग डावीकडे मारलं आणि ब्रेक दाबला. दोनदा. एसटी हातभर अंतरावरून निघून गेली. मागे कपाट केबिनवर आदळलं आणि गाडी बंद पडली.

 मग धोंडिबानं गाडी चालू करून इंचाइंचानं पुढच्या रुंद जागेत कडेला घेतली, चारही दिवे लुकलुकत ठेवले आणि हात मांडीवर ठेवले.   आपण मरता मरता वाचलो याची भीती त्याला कमी होती. पोरगी शेजारी बसली होती, याची फार होती.

"मेघना, मला ही गाडी येत नाही," तो म्हणाला. "कालपासून येत नाही. कुंडलिकनं सगळं नीट केलंय आणि मला वाकडंच येतंय. बोललो असतो तर रत्नदीपनं टेम्पो आणला असता. मला तुला स्वतः न्यायचं होतं. चुकलो मी."

मेघनानं त्याच्या हातांवर हात ठेवला. रागावली नाही. "सरका इकडे," ती म्हणाली.

तिच्या हातापायांना गाडीची एकही जुनी खोड लागलेली नव्हती, तेच उपयोगी पडलं. तिनं ब्रेक एकदा दाबून बघितला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडी सरळ गेली. धोंडिबा आयुष्यात पहिल्यांदा डाव्या सीटवर बसला होता. दोन मिनिटं त्याला हातांचं काय करावं तेच कळेना. मग काचेवर आतून वाफ धरली, तशी त्यानं मानेवरचं फडकं काढून ती पुसायला घेतली. आणि एकदा पुसायला लागल्यावर तोंडही सुटलं.

"मोठा दिवा लावू नको. धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. खालचाच ठेव."

"ठेवला."

"वळण आहे पुढे, हॉर्न दे. लांब. ऐक आता, पलीकडून कुणी देतंय का."

"नाही देत."

"मग चल. कडेची पांढरी पट्टी मी बघतो, तू समोर बघ. गिअर बदलू नको, ओढू दे तिला."

तो खिडकीतून डोकं बाहेर काढून पट्टी बघत होता. कान गारठले, मिशीवर पाणी साचलं. एकीला गाडी येत होती आणि एकाला घाट येत होता, आणि दोघांचं मिळून चांगलं चाललं होतं. बोगदा गेला. मेघनानं वळण इतकं अलगद काढलं की मागचा एकही डबा वाजला नाही, आणि धोंडिबाला हेवा वाटायचा तो वाटलाच नाही. त्याला नुसतं बरं वाटलं. इतकं बरं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

खुबी फाट्याच्या पुढे धुकं संपलं. जलाशयाच्या कडेनं ऊन पडलं होतं, रस्ता सरळ आणि रिकामा. मेघनानं गाडी थांबवली.

"आता तुम्ही या इकडे. परत एकट्यानं घाट उतरायचाय ना? इथं शिकून घ्या."

"तू शिकवणार मला?"

"म्हशीला नाकात नळी घालून घ्यायला शिकवते मी. तुम्ही सोपे आहात."

तासभर त्या रस्त्यावर ती पिकअप पुढे-मागे करत होती. गुराखी बघत उभे राहिले. मेघनानं त्याच्या उजव्या पायातली चप्पल काढायला लावली, म्हणजे ब्रेकचा पहिला दाब तळव्याला कळेल. स्टिअरिंगवर वरच्या बाजूला मधोमध तिनं पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि सांगितलं, हा नाकासमोर ठेवायचा. धोंडिबा दहादा चुकला. अकराव्यांदा नाही. विसाव्यांदा तो बोलता बोलता थांबला आणि आपण थांबलो हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

दवाखान्याच्या दारात गाडी त्यानंच नेली. तिथला शिपाई महेंद्र वाटच बघत होता, आणि त्याच्याबरोबर एक बाई, पोट फुगलेलं वासरू घेऊन. डॉक्टर उद्या येणार ती आजच येतेय, हे गावाला आधीच कळलेलं. मेघनानं सामानाकडे वळूनही बघितलं नाही. बाह्या सरसावल्या आणि वासरापाशी बसली.

धोंडिबा गाडीला टेकून ते बघत असताना रत्नदीपचा फोन आला.

"पोचलात? घाटात काही त्रास?"

पटकन नाही म्हणता आलं असतं.  "झाला," तो म्हणाला. "धुक्यापर्यंत मी तिला आणलं. पुढचा घाट तिनं मला चढवला. गाडी मला येत नव्हती, रत्नदीप. कालच तुला सांगायला पाहिजे होतं. आता शिकलोय, तिनं शिकवली."

 मग रत्नदीप म्हणाला, "पप्पा, मी येऊ का न्यायला?"

"नको. पण मी घाट उतरेपर्यंत फोनजवळ बस. मला जरा भीती वाटतेय."

असं तो मुलाला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला होता. रत्नदीप म्हणाला, "बसतो," आणि मग हळू आवाजात, "आईला काही बोलू नका, मी सांगतो तिला."

मेघना हात धुऊन आली. वासरू उभं राहिलं होतं. "आज इथंच मुक्काम," ती म्हणाली. "उद्या दहाला निघा, ऊन वर आल्यावर. त्याआधी नाही."

गाडी कधी काढायची हे धोंडिबाला अठरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. "बरं, डॉक्टर," तो म्हणाला, आणि कपाटाच्या दोऱ्या सोडायला मागे गेला.