दोन पेडल आणि एक उजवा पाय

दिवाळीच्या आधी मी मांडवीला फिरायला गेलो आणि एकच चप्पल घालून परत आलो. दुसरी वाळूत कुठेतरी राहिली. हे मला घराच्या पायरीवर, खाली बघितल्यावर कळलं. सुनंदाने विचारलं तेव्हा सांगितलं, कुत्र्याने पळवली. ती ‘बरं’ म्हणाली. बायको इतक्या सहज ‘बरं’ म्हणते तेव्हा नवऱ्याने सावध व्हावं. पण मी पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं काढलेली. कागद पुढच्या टेबलावर गेला की प्रकरण मिटलं, अशी माझी समजूत.

माझ्या उजव्या पायाचा तळवा माझ्याआधी सेवानिवृत्त झाला होता. दुखत नव्हता, खुपत नव्हता, आहे की नाही एवढंच कळत नव्हतं. साखर आहे हे माहीत होतं. गोळ्या घ्यायचो, आठवण झाली की. डॉक्टरकडे गेलो असतो तर ते खरं ठरलं असतं, म्हणून गेलो नाही. भीती वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती. तळव्याचं जे झालं होतं ते हळूहळू वर चढत असावं.

अशात मार्चमध्ये गंगारामदादांची कॅसेट काढायचं ठरलं. साल २००३. दादा एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्यांचा आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेला माणूस पास असूनही तिकीट काढायचा. वीस वर्षं ते गावोगाव गात होते आणि मी त्यांच्या मागे गिटार वाजवत होतो. आता चौदा एप्रिलच्या आत कॅसेट यायलाच हवी होती. वेष्टणावर वादकांची नावं छापणार होते. खात्याची सेवाज्येष्ठता यादी सोडली तर माझं नाव आजवर कुठेही छापून आलेलं नव्हतं.

स्टुडिओ सलिलचा. सलिल म्हणजे एका बागायतदारांचा मुलगा, इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आलेला. वडिलांच्या आंब्याच्या गोदामावर माडी होती, तिच्या भिंतींवर त्याने कापड ठोकून आत पेटीतला पेंढा भरला होता. बाहेरचा आवाज आत येत नसे. हापूसचा वास मात्र येई. खाली पेट्या ठोकायचं काम सुरू झालं होतं, म्हणून रेकॉर्डिंग रविवारी दुपारी, कामगारांच्या सुट्टीत.

तिसऱ्या गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये दादांनी माझ्यासाठी जागा ठेवली होती. चार आवर्तनं, नुसती गिटार. “हितं गिटार रडली पायजे, राजा,” ते म्हणाले. “मोठ्याने नाय. माणूस तोंडावर हात धरून रडतो तशी.”

“म्हणजे वा पेडल,” सलिल म्हणाला आणि त्याने दोन आणून ठेवली. हे यंत्र पायाखाली असतं. टाच दाबली की गिटारचा आवाज तोंडावर हात ठेवल्यासारखा घुसमटतो, चवडा दाबला की हात काढल्यासारखा मोकळा होतो. सगळी गंमत मधल्या प्रवासात. हात कुठेही चुकला तर झाकता येतं, पाय चुकला तर गिटार रडायच्या ऐवजी बेडूक होते.

पहिलं पेडल परदेशी, लोण्यासारखं हलणारं. दुसरं आमच्याच मांडवीच्या आत्मारामने बनवलेलं. तो टीव्ही दुरुस्त करतो आणि त्याच्या हाताखालून गेलेली कुठलीही वस्तू घट्ट होऊन परत येते.

“दोन्ही वाजवून बघा, काका. तुम्ही म्हणाल ते ठेवू.”

मी परदेशी पेडलवर पाय ठेवला. ठेवला असावा. वाजवायला लागलो तर पाय कुठे आहे ते कळेना. खाली बघितलं तर पाय बरोबर आणि बोटं चुकली. बोटांकडे बघितलं तर पाय चुकला.

“अरे, पायपेटीचा भाता मारतोयस काय?” दादा काचेपलीकडून ओरडले.

मग आत्मारामचं. ते इतकं ताठ होतं की दाबताना गुडघ्यापर्यंत जोर लागायचा, आणि गुडघा अजून नोकरीत होता. पाय कुठवर आला ते गुडघा सांगू लागला. चारही आवर्तनं नीट पार पडली.

“हेच घेऊ,” मी म्हणालो. “याचा आवाज भारदस्त आहे.”

सलिलने वाजवलेलं परत ऐकवलं. गिटार छान रडत होती आणि तिच्या मागे कुणीतरी गंजलेलं दार उघडत-मिटत होतं.

“काका, हे कुरकुरतंय. स्टेजवर चाललं असतं. इथे माइक सगळं ऐकतो.”

“दाराला पण दुःख असतं.”

“ते घ्याच की मग,” कोरसमधली तुळसा म्हणाली. “गाणं सुरू झालं की शेजारी येऊन कडी वाजवतील.” सगुणा आणि ती खूप वेळ हसल्या. कोरसमधली तिसरी म्हणजे सुनंदा. ती हसली नाही. ती माझ्या पायाकडे बघत होती.

सलिलने आवाज मऊ केला. डॉक्टर, वरिष्ठ अधिकारी आणि संगणकवाले नकार देण्याआधी असा करतात. “असं करू का? माझ्या कीबोर्डमध्ये वा गिटार तयार आहे. बटण दाबलं की झालं. कुणाला कळणार पण नाही.”

“नाव कुणाचं टाकायचं?” दादांनी विचारलं.

“कीबोर्ड, सलिल.” तो प्रामाणिक मुलगा होता.

मला काही वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. तेवढ्यात लाईट गेली, आणि चहासाठी सगळे खाली उतरले.

सुनंदा मागे राहिली. खिडकीवरचं कापड तिने बाजूला केलं, समोरच्या पेटीवर बसली आणि बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली.

“पाय इकडे करा. डोळे मिटा.”

“अगं, इथे काय—”

“मिटा.”

मी मिटले. खालून कपबश्यांचा आवाज आला. तुळसाचं हसणं आलं. बराच वेळ गेला.

“टोच की,” मी म्हणालो.

“टोचून झालं. तीनदा.”

डोळे उघडले. तळव्यावर रक्ताचे तीन बारीक ठिपके होते. दुसऱ्याच कुणाच्या पायावर असावेत तसे. सुनंदाने पदराने पुसले.

“मला सांगायला काय झालं होतं?”

“तू काळजी करत बसली असतीस.”

“आता नाचते.” तिने पिन परत बांगडीत अडकवली. “ते गुळगुळीत मशीन सरकवा इकडे.”

सुनंदा गेली अठरा वर्षं घरी पायमशीनवर ब्लाऊज शिवते. तिने परदेशी पेडलवर अनवाणी पाय ठेवला आणि पुढे-मागे करून बघितला, नव्या मशीनवर बसल्यावर बघतात तसा.

“कुठे हळू करायचं?”

“सूर लांबला की. एकदम सोडायचं नाही.”

“म्हणजे बाहीचा मुंढा जोडताना करतो तसं.”

“तसं.”

“मग हेच घ्या. ते दुसरं कुरकुरतं.” पेडल असं ठरलं. “आणि उद्या सिव्हिलला यायचं माझ्याबरोबर. नाहीतर पाय काढून घेते.”

लाईट आली. सगळे वर आले तेव्हा आम्ही दोघं दोन पेट्यांवर खेटून बसलो होतो. गिटार माझ्या मांडीवर, पेडल तिच्या पायाखाली.

“हे काय चाललंय?” दादा म्हणाले.

“उजवा पाय रजेवर आहे,” मी म्हणालो. “बदली कर्मचारी घेतलाय.”

दादांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पायाकडे. “कंडक्टर वेगळा, ड्रायव्हर वेगळा. गाडी पोचल्याशी मतलब,” ते म्हणाले आणि कानाला हेडफोन लावला.

पहिल्या वेळी ती पुढे गेली. दुसऱ्या वेळी मी. तिसऱ्या वेळी शेवटच्या आवर्तनात सूर लांबवला तेव्हा तिने पाय इतका सावकाश सोडला की मीच थांबून ऐकलं. सलिलने अंगठा वर केला.

“नाव काय टाकू?” सलिलने विचारलं.

“गिटार, राजेंद्र आणि सुनंदा.”

“गिटार तर तुम्हीच—”

“लिही.”

सोमवारी मी किरकोळ रजा टाकली. सिव्हिलमध्ये तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ड्रॉवरमधून ट्यूनिंग फोर्क काढला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि माझ्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला.

“काही जाणवतंय?”

“नाही. ऐकू मात्र येतंय. सी आहे. किंचित उतरलेला.”

त्यांनी फोर्ककडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कागदावर काहीतरी लिहिलं. सुराबद्दल नसावं.

“कधीपासून आहे हे?”

“झाला असेल महिना,” मी म्हणालो.

“दिवाळीआधीपासून,” सुनंदा म्हणाली. “कुत्र्याने चप्पल नेली तेव्हापासून.”