मानेला टोचणारे कोपरे

इसवी सन १६९७च्या जुलै महिन्यात, जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातील हार्टेनरोड या एका छोट्या संस्थानाच्या राजधानीत, युवराजाच्या बाप्तिस्म्यानिमित्त भरलेल्या नेमबाजीच्या उत्सवासाठी माझा जन्म झाला.

मित्रांनो, मी एक जुने, चौकोनी, चांदीचे नाणे आहे. नाणे म्हणजे गोलच, असे तुम्ही म्हणाल. ते मला मान्य नाही. टांकसाळीत पत्रा कातरीने चौकोनी कापला, दोन ठशांमध्ये धरून घणाचा घाव घातला, आणि मी झाले. बाजारात मला कोणी खर्चू नये, जपून ठेवावे, यासाठीच हा वेगळा आकार.

उंच खांबावरच्या लाकडी पक्ष्याची शेवटची ढलपी टोपीकार बाल्थाझार त्साइडलरने पाडली आणि तो नेमबाजांचा राजा ठरला. बक्षीस म्हणून मिळालेले मी, रीतीप्रमाणे एका कोपऱ्याला कडी लागून, नेमबाजांच्या मंडळाच्या साखळीत ओवले गेले. दरसालचा नवा राजा ती साखळी गळ्यात घालून मिरवी. एरवी मी पेटीत काळवंडत असे. बाल्थाझार वारला. पुढे बिअर गाळणारा गोटलोब रेन्झ राजा झाला आणि मिरवणुकीहून तणतणतच मंडळात आला.

"मान आहे की ओंडका? करवत चालवलीय नुसती! गळ्याची नवी झालर फाटली. अहो सोनार, उडवा हे कोपरे!"

साखळीच्या डागडुजीसाठी तिथे बसलेल्या सोनाराने कातर उचललीदेखील. तेवढ्यात बाल्थाझारची मुलगी साबीना पुढे झाली.

"कोपरे गेले तर माझ्या बापाचं बक्षीस कुठं राहिलं? चारचौघांसारखं गोल नाणं होईल ते!"

"गोल असण्यात काय वाईट? मीपण गोलच आहे."

"म्हणून तर म्हणते, काका. मानेजवळ नको, साखळीच्या तळाला ओवा. तिथं पोटावर टोचलं तर तुम्हाला कळायला उद्या उजाडेल!"

सगळे हसले, रेन्झ सर्वांत मोठ्याने. पण हसण्याने निकाल लागत नाही, आणि कातर अजून उघडीच होती.

मित्रांनो, जुनी वस्तू खुपू लागली की माणसे आधी तिला कापायला निघतात. तिची जागा बदलून पाहण्याचे कष्ट तेवढे घ्या, एवढीच माझी विनंती.

मंडळाचे प्रमुख आम्ब्रोस बाबा यांनी ते कष्ट घेतले. त्यांनी मला तळाला ओवले, रेन्झला दालनभर चालवले, वाकायला लावले. मग त्याची मान आणि झालर नीट न्याहाळली; नवा ओरखडा कुठेच नव्हता.

"कातर ठेव खाली," ते सोनाराला म्हणाले. "नाणं चौकोनीच राहील."