अंगणातला नाच

आधी कोळशाची खाण बंद पडली, मग दुकान गेलं, मग डॉक्टर, शेवटी बसही. गावात उरले म्हातारेकोतारे आणि रोसविता. तिची लेक कात्या पगारासाठी पश्चिम जर्मनीत श्टुटगार्टला गेली आणि तिथल्याच तुर्की वंशाच्या सेरकानशी लग्न करून बसली. त्यांची सहा वर्षांची डेर्या यंदा ईस्टरला पहिल्यांदाच एकटी आजीकडे राहायला येणार होती. रोसविताने खोली रंगवून घेतली होती आणि येता-जाता उगाचच आत डोकावत होती.

थंडी सरताना पूर्व जर्मनीतल्या या लाउसित्स भागातल्या गावांत सोंगं निघतात. बाजा वाजवत दारोदार अंडी मागायची, घरधनिणीला अंगणात नाचवायचं. नाही म्हणणाऱ्या बाईला गाव वर्षभर नावं ठेवतं. रोसविताने अंडी दिली, दारूचा पेला रिचवला आणि पेंढ्याच्या अस्वलाबरोबर चार गिरक्या घेतल्या. मग अस्वलाने मुंडकं काढलं, तर आत होल्गर, परक्यांना हाकला म्हणणाऱ्या पक्षाचा उमेदवार. मेल्याने तिच्याबरोबर फोटोही काढून घेतला आणि संध्याकाळपर्यंत तो जगभर झाला.

कात्याचा फोन आला. सोंगात कोण आहे ते मला काय ठाऊक, मी त्यांना कधी मत दिलं नाही, यंदाही देणार नाही, असं रोसविता परोपरीने सांगत होती. लेक ऐकेल तर ना.

"तुम्ही पूर्वेकडचे सगळे सारखेच," ती म्हणाली. "माझी पोर मी तिथे पाठवणार नाही."

तुम्ही पूर्वेकडचे, म्हणे! याच गावात शेंबूड पुसत वाढलेल्या पोरीने हे बोलावं? रोसविताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाण गेली तेव्हा कुणी विचारलं नाही, डॉक्टर गेला तेव्हा नाही, आणि आता पोटची पोरही लायकी काढते. रविवारी ती मतदानाला गेली आणि होल्गरच्या नावापुढे मताची फुली मारून आली. घ्या म्हणावं. बाहेर पडताना तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

मंगळवारी पुन्हा फोन आला. कात्या रडत होती.

"चुकलं माझं, आई. सेरकान माझ्यावरच चिडला. डेर्याला पाठवतोय आम्ही."

"पाठव," रोसविता म्हणाली.

"तू त्यांना मत देशील, असं माझ्या मनात तरी कसं आलं गं?"

रोसविताने नुसतं हं केलं. मग फोन सेरकानने घेतला. तो तिला नेहमीसारखं आई म्हणाला, बायकोच्या वतीने माफी मागू लागला, आणि रोसविताने डेर्याच्या खोलीचं उघडं दार हळूच लोटून घेतलं.