अर्ध्या कार्डाचा खिसा

कटिंग मास्तर भित्रे होते आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. रस्ता ओलांडताना ते आधी डावीकडे, मग उजवीकडे आणि खात्रीसाठी एकदा वरही बघत. कापड कापण्याआधी तीनदा मोजत. शिलाईच्या कारखान्यात सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पँट आखूड झाली नाही, ती हुशारीमुळे नव्हे, धास्तीमुळे.

लांब कुठेतरी दोन देशांचं युद्ध दुसऱ्या वर्षात गेलं होतं. ते एका बंदरावरून सुरू झालं, असं काहीजण म्हणत. बंदराखाली गॅस आहे, असं इतर म्हणत. बंदर पहिल्याच महिन्यात जमीनदोस्त झालं, तरी युद्ध थांबेना, कारण तोवर बऱ्याच जणांच्या ऑर्डरी लागल्या होत्या. त्यातली एक कारखान्याकडेही आली. आधी पँटी, मग तंबू. काम वाढलं, दुसरी पाळी सुरू झाली, नवे पंखे लागले. तह होणार अशी बातमी आली की कारखान्यात दिवसभर कोणी धड जेवत नसे.

त्या शुक्रवारी नवीन नमुना होता. लांब पिशवी, जाड काळं कापड, मधून चेन, दोन्ही बाजूंना तीन-तीन पट्टे.

"कशासाठी आहे हो?" मास्तरांनी विचारलं.

"सामानासाठी," शेठ म्हणाले. "लांब सामान असतं त्यांचं."

कारखान्याचा जुना शिरस्ता होता. नमुना कोणाच्या तरी अंगावर चढवून बघितल्याशिवाय पुढचं कापड कापायचं नाही. पँट असो, रेनकोट असो, अंगावर चढवायचा मान मास्तरांचा. पिशवी अंगावर चढत नाही हे कोणाच्या ध्यानात येण्याआधीच मास्तर सवयीने चपला काढून आत आडवे झाले होते. इस्त्रीवाल्या मावशीने चेन ओढली.

"कसं वाटतंय?" बाहेरून मावशीचा आवाज.

"खांद्यात थोडी सैल आहे."

"आणि पायाकडे?"

"पायाकडे जागा आहे. माझा बांबूसुद्धा मावेल." बांबू म्हणजे त्यांचा मुलगा. सहा फूट एक इंच, वय एकवीस.

"मग या बाहेर."

मास्तरांनी चेन चाचपली. वरून खाली, खालून वर. "मावशी, आतून पकडायला काही नाही."

"नकोच आहे," शेठ म्हणाले. "पार्टीने तसंच सांगितलंय. आतून लागत नाही."

आत अंधार होता आणि रबराचा वास होता. मास्तरांना कळलं. मावशीलाही कळलं असावं, कारण तिने चेन इतक्या घाईने उघडली की चेनीचे चार दात निखळले.  मावशी परत इस्त्रीकडे गेली आणि आधीच इस्त्री झालेली पँट पुन्हा करू लागली.

"आता छातीवर एक पारदर्शक खिसा लावा," शेठ खाली बघत म्हणाले. "हे मावलं पाहिजे." त्यांनी एक कोरं कार्ड पुढे केलं. पावणेचार इंच लांब, अडीच इंच रुंद, एक कोपरा तिरका कापलेला, आणि मधोमध बारीक भोकांची रेघ, मोडायला सोपं जावं म्हणून. "पूर्ण नाही, मोडून अर्धं. उरलेलं अर्धं त्यांच्या ऑफिसात जातं म्हणे."

मास्तरांनी ते कार्ड तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजताना टेप हातातून पडला.

कारण तसंच कार्ड आठवडाभर त्यांच्या घरात फिरत होतं. बांबूच्या गळ्यात.

त्यांच्या गल्लीत एक चाल पडली होती. युद्धवाल्या देशात 'कँटीनमदतनीस' हवे असत. तिकडची तरणी माणसं कमी पडत होती. कँटीनला इतकी का लागतात, हे विचारणं गल्लीत असंस्कृतपणाचं मानलं जाई. दर रविवारी एक साहेब गाडीतून येत. गल्ली त्यांना पाठवणीसाहेब म्हणे. ज्याचा मुलगा जायचा त्या बापाने दारात टेबल मांडून, सगळ्यांदेखत संमतीच्या कागदावर सही करायची. मग टाळ्या, मग फोटो. ज्या घरातून कोणी गेलं नाही त्या घराकडे लोक आजारी माणसाकडे बघावं तसं बघत. तिथे मुलगी कोण देणार? अकरा घरांतून अकरा जण गेले होते. रविवारी बांबूचा नंबर होता.

घरी आल्यावर मास्तर म्हणाले, "बांबू, कार्ड दे जरा."

"आंघोळीलासुद्धा काढत नाही तो," त्यांची बायको कौतुकाने म्हणाली.

मास्तरांनी मुलाच्या गळ्यातच टेप लावला. पावणेचार. अडीच. तिरका कोपरा. मधली रेघ.

"ही रेघ कशाला आहे रे?"

"जेवणाची असेल," बांबू म्हणाला. "अर्धं कूपन फाडून घेत असतील. कँटीनच आहे ना!"

"हो," मास्तर म्हणाले, आणि मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडून उभे राहिले. बायकोने तीनदा हाक मारली तेव्हा बाहेर आले आणि तिला सगळं सांगितलं.

"तुमचा स्वभावच तसा," ती म्हणाली. "तुम्ही जत्रेतल्या पाळण्यालाही घाबरायचात. पण अहो, माप चुकलं असेल ना?"

"माझं?"



रविवारी टेबल मांडलं गेलं. मास्तरांनी मांडलं नाही, शेजाऱ्यांनीच उत्साहाने मांडलं. पाठवणीसाहेबांनी पेनचं टोपण काढून दिलं. समोरच्या वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांचा मुलगा गोट्या तीन महिन्यांपूर्वी तिकडे गेला होता.

"करा मास्तर, इथे आणि इथे."

मास्तरांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "मी नाही करत."

"म्हणजे?"

"सही नाही करत. हा जाणार नाही."

"बाबा, लोक बघतायत!" बांबू दात आवळून म्हणाला.

"अहो, मास्तर घाबरले!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. "पोराला ओच्यात बांधून ठेवा!"

"घाबरलोय," मास्तर म्हणाले. आवाज चिरकला, तरी थांबले नाहीत. "मी कायमच घाबरतो. आज तुम्हीही घाबरा. शुक्रवारपासून आमच्या कारखान्यात मेलेल्या माणसांच्या पिशव्या शिवतात. मी स्वतः आत झोपून बघितलंय. पिशवीच्या छातीवर खिसा आहे, याच्या गळ्यातल्या कार्डाच्या अर्ध्याचा. हेच कार्ड, हेच माप. आचाऱ्याला कोणी असलं कार्ड देत नाही."

हसू एकदम विझलं नाही. कडेकडेने विझत मध्यापर्यंत आलं. बांबूने गळ्यातलं कार्ड हातात घेतलं, ती रेघ अंगठ्याने चाचपली आणि दोरी डोक्यावरून काढली.

"ह्या कारखान्यातल्या गप्पा आहेत," साहेब टोपण लावत म्हणाले. "ज्यांना प्रगती नको त्यांना नको. पुढचं घर बघू." ते गाडीकडे वळले.

गाडीसमोर समोरच्या वहिनी उभ्या होत्या. त्यांनी घरातून प्लॅस्टिकची खुर्ची आणली होती. ती त्यांनी गाडीच्या तोंडाशी ठेवली आणि बसल्या.

"वहिनी, बाजूला व्हा."

"माझ्या गोट्याला फोन लावा."

"त्याला सुट्टी नसते. स्वयंपाकाची गर्दी असते."

"एकवीस दिवस त्याचा फोन नाही. एकवीस दिवस स्वयंपाकच चाललाय?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "चहा उकळून देता यायचा नाही हो त्याला. तुम्ही त्याला आचारी म्हणून नेलंत आणि मी टाळ्या वाजवल्या. लावा फोन."

आणखी एक खुर्ची आली. मग एक बाकडं, त्यावर दोन बाप. शुक्रवारी मास्तरांकडे न बघणारी इस्त्रीवाली मावशी स्टूल घेऊन आली. तिचा पुतण्या नवव्या घरातला. गाडीला मागेही जागा उरली नाही, पुढेही नाही. मास्तर सगळ्यांत शेवटी उभे होते, पण बांबूचं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं आणि बांबूनेही सोडवून घेतलं नव्हतं.

"तिकडच्या छावणीच्या ऑफिसचा नंबर आहे माझ्याकडे," साहेब अखेर म्हणाले. छावणी हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. आपण काय बोललो हे त्यांच्याही उशिरा लक्षात आलं.

"तोच लावा," वहिनी म्हणाल्या. "मोठ्याने ऐकू येईल असा."

साहेबांनी फोन गाडीच्या बॉनेटवर ठेवला. अकरा घरांची माणसं त्याच्याभोवती वाकली. रिंग वाजू लागली. इतक्या लांबची रिंग वेगळी वाजते, थोडी खोल. वाजत राहिली. मग एका बाईचा यांत्रिक आवाज परक्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि फोन बंद झाला.

गल्लीत कोणी हललं नाही.

"परत लावा," वहिनी म्हणाल्या.